पणजोबांच्या हातातली तलवार

माझ्या पणजोबांनी जन्मात कधी तलवार धरली नाही. त्यांनी सुकाणू धरलं, शिडाचे दोर धरले, मिठागरातलं फावडं धरलं आणि म्हातारपणी दम लागायला लागल्यावर भिंत धरली. पण मध्यंतरी ठाण्याच्या कोपरीत, आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर त्यांचा पुतळा बसवायचं घाटलं आणि त्यांच्या हातात तलवार आली. आधी नुसता छातीपर्यंतचा पुतळा ठरला होता. त्यात तलवार कुठे दाखवणार, म्हणून तो कमरेपर्यंत वाढवण्यात आला. पणजोबांचा फोटो घरात कुणाकडेच नाही. तेव्हा चेहऱ्याचा प्रश्न आला, तो माझ्या चुलतभावाने स्वतः मूर्तिकारासमोर बसून सोडवला. मिशा तेवढ्या वाढवून घेतल्या.

हा सगळा उद्योग या चुलतभावाचाच. माझ्याहून लहान, लहानपणी माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचा. आता त्याच्या मागेपुढे चार माणसं असतात. पणजोबांनी खाडीकाठी केलेल्या जमिनीवर आज टॉवर उभे आहेत आणि त्यांतल्या काहींच्या तळमजल्यावर याचं ऑफिस आहे. त्याचा पैसा त्याला लखलाभ होवो, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. मी वर्तकनगरला सुखाने राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे, मला काही कमी नाही. पण मेलेल्या माणसाच्या हातात त्याने न धरलेली वस्तू कोंबायची, हे मला सहन होत नाही.

पणजोबा तांडेल होते. तांडेल म्हणजे शिडाच्या गलबताचा कप्तान. गलबताचा मालक किनाऱ्यावर गादीवर बसलेला असला तरी एकदा पाण्यात शिरलं की हुकूम तांडेलाचा. खाली दक्षिणेकडून ते मंगलोरी कौलं, लाकूड आणि काथ्या घेऊन ठाण्याच्या खाडीत यायचे आणि इथून मीठ भरून परत जायचे. कोपरीत आज जुन्या घरांवर कुठे कौलं उरली असतील, तर त्यातली काही आमच्या पणजोबांनी आणलेली आहेत. मला याचा लहानपणापासून अभिमान. एक माणूस वारा आणि भरती-ओहोटी यांच्या भरवशावर एवढं ओझं घेऊन येतो, एक कौल फुटू देत नाही, आणि त्यावर इथली शेकडो माणसं पावसाळ्यात कोरडी झोपतात. याहून मोठं काय करायचं असतं माणसाने?

चुलतभावाला हे सांगितलं तर तो हसला. "अगं ताई, पब्लिकला काय दाखवायचं? माणूस कौलं घेऊन आला आणि मीठ घेऊन गेला? एकदम फ्लॅट वाटतं गं ते. त्यात स्टोरी काय आहे?"

स्टोरी त्याने पैसे देऊन लिहून घेतली. गुळगुळीत कागदावर छापलेलं घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक. मुखपृष्ठावर खवळलेला समुद्र आणि त्यात एक जहाज, ज्याला तोफा आहेत. आमचे पणजोबा आरमारातले सागरी योद्धे, त्यांनी शत्रूची जहाजं बुडवली आणि त्या पराक्रमाबद्दल त्यांना कोपरीत जमीन इनाम मिळाली. कुठला शत्रू, कुठली जहाजं, कुणी दिलं इनाम, असलं काही विचारायचं नाही. आरमारं बुडून जमाना लोटल्यावर पणजोबा जन्मले. त्यांच्या काळात समुद्रावर इंग्रज सरकार होतं आणि कर भरल्याशिवाय मिठाचा खडासुद्धा हलत नव्हता. त्यांनी बुडवलंच असेल काही, तर खाडीत पोहायला शिकवताना माझ्या आजोबांना एकदोनदा बुडवलं असेल.

पुस्तकात वंशवृक्षही आहे. त्यात फक्त मुलगे. माझं नाव नाही, माझ्या बहिणीचं नाही, आत्यांचं नाही. झाडाला सगळ्या फांद्याच फांद्या, फळं कुठून आली ते देवाला ठाऊक. आणि पणजीबद्दल एकच वाक्य आहे: "त्यांच्या धर्मपत्नी थोर कुळातील असून आदर्श पतिव्रता होत्या." पुस्तक वाचून मी बाजूला टाकलं आणि दोन दिवस त्याच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. तोवर माझा राग म्हणजे म्हाताऱ्या बाईची चिडचिड होती, हे मी मान्य करते. पण त्या एका वाक्याचं पुढे काय झालं, ते ऐकलंत तर तुमच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

माझा सख्खा भाऊ डोंबिवलीला राहतो. अत्यंत गरीब स्वभावाचा. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तर हा त्यालाच सॉरी म्हणेल. त्याच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, नवरा करोनात गेला. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. पोर माहेरी परत आली, ठाण्यात एका लॅबमध्ये नोकरीला लागली आणि हळूहळू माणसांत आली. मग एक दिवस माझ्याकडे वर्तकनगरला जेवायला आली आणि आमटीत पळी फिरवत म्हणाली, "आत्या, एक जण आहे. कल्याणचा आहे. त्याच्या घरी चालतंय सगळं. बाबांना कसं सांगू?"

मला इतका आनंद झाला की मी तिला पळी ठेवायलाही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात मी डोंबिवलीला जाऊन भावाला सांगितलं. तो आधी घाबरला, मग रडला, मग म्हणाला, मुलगा कधी बघायचा. मुलगा बघितला, आवडला. सगळं सुरळीत चाललेलं असताना भावाने एक चूक केली. रीत म्हणून त्याने घरातल्या कर्त्या माणसाला, म्हणजे आमच्या या चुलतभावाला, विचारलं.

चुलतभाऊ त्याला म्हणाला, "दादा, मुलगी माझीपण आहे. पण आपल्या घराण्यात बाई दुसऱ्यांदा बोहल्यावर चढलेली नाही. आत्ताच पुस्तकात छापलंय आपण. लोक काय बोलतील? एका हाताने पुतळा उभा करायचा आणि दुसऱ्या हाताने हे?"

आणि माझा भाऊ मूग गिळून घरी आला. मुलाकडच्यांना म्हणाला, थोडं थांबू या. भाचीने मला फोन केला. रडत नव्हती, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, "राहू दे आत्या. घराण्याला माझ्यामुळे बट्टा नको." बत्तिसाव्या वर्षी त्या पोरीने स्वतःला बट्टा म्हणावं! ज्या घराण्याच्या झाडावर तिचं नावसुद्धा छापलेलं नाही, त्या घराण्याला तिच्यामुळे बट्टा लागणार होता.

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि तडक कोपरी गाठलं. तिथे आमच्या जुन्या घरात माझी थोरली आत्या राहते. नव्वदीच्या आसपासची आहे, सगळं घर तिला बाय म्हणतं. लग्न करून गेली ती तरुणपणीच नवरा गेल्यामुळे परत आली आणि मग आयुष्यभर माहेरीच राहिली. पणजीला प्रत्यक्ष पाहिलेलं घरात आता तेवढंच एक माणूस. बाय लहान असताना पणजीच्याच कुशीत झोपायची.

मी तिला पुस्तक वाचून दाखवलं. तोफा आल्या तेव्हा ती हसली. इनाम आलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसली. "इनाम? अगं, खाडीला बांध घालून घालून माज्या आजीचे पाय चिरलं व्हतं. त्या चिरांत मीठ जायाचं. इनाम कोन देतंय?" मग पतिव्रतेचं वाक्य आलं आणि बाय हसायची थांबली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचलं.

"ऐकला मी," बाय म्हणाली. मग तिने सांगितलं.

पणजी मिठागरात राबणाऱ्या घरातली. तिचा पहिला नवरा तापाने गेला होता, पदरी एक मुलगी होती, तीही पुढे गेली. एका वर्षी पणजोबांचं गलबत खाडीत नादुरुस्त झालं आणि पावसाळा तोंडावर आला. पावसाळ्यात शिडाची गलबतं बंद, नारळी पुनवेपर्यंत हलायचं नाही. खलाशी आपापल्या गावी गेले, तांडेल गलबत राखत काठावर राहिले. त्यांना भाकरी करून द्यायचं काम पणजीने घेतलं. नारळी पुनव झाली, गलबत तयार झालं, आणि तांडेलांनी गावात जाऊन सांगितलं की मी या बाईशी पाट लावणार. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्या काळी ते होत असे, पण अंधार पडल्यावर, वाजंत्रीशिवाय, गावाबाहेर. सवाष्णींनी तोंड बघायचं नाही. अंगण कुणी द्यायचं नाही. गावातल्या मोठ्या माणसांनी तेच सांगितलं: रात्री करा, कुणाला दिसू देऊ नका.

तांडेलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अंगण नका देऊ, माझ्याकडे गलबत आहे. आणि भर दुपारच्या भरतीला, काठावर सगळं गाव बघत असताना, गलबतावर लग्न लावलं. दुसरेपणाच्या बाईला हळद लावायला कुणी सवाष्ण पुढे आली नाही. तेव्हा पणजीने, गलबतात भरलेल्या मिठातलं, स्वतः वाफ्यातून ओढलेलं मूठभर मीठ घेतलं आणि म्हणाली, हीच माझी हळद.

मी सुन्न झाले. कारण हे मीठ मला माहीत होतं, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे कुणाचंही लग्न असलं की हळद कालवण्याआधी वाटीत चिमूटभर मीठ पडतं. माझ्या हळदीत पडलं होतं. का, असं विचारलं तर सगळे सांगतात, समुद्राचा आशीर्वाद. चुलतभावाच्या मुलाच्या हळदीला तर चांदीच्या वाटीत गुलाबी सैंधव आणलं होतं, डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होता आणि निवेदक सांगत होता, घराण्याची सागरी परंपरा. एका विधवेच्या दुसऱ्या लग्नाची खूण आम्ही पिढ्यानपिढ्या प्रत्येक लग्नात मिरवत आलो, आणि घरातल्या विधवेने लग्न करायचं म्हटल्यावर आम्हाला परंपरा आठवली!

"बाय, हे तू इतकी वर्षं कुणाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. खरं तर मी ओरडलेच.

बाय म्हणाली, "सांगितला ना. माजा नवरा मेला तवा बापाला सांगितला. बाबा, आजीचा पाट लावलेला, माजा पन लाव. बाप माजा, तिच्याच पोटचा. त्याना मना सांगितला, परत ही गोष्ट तोंडातून काडलीस तर घरान ठेवनार नाय." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तवा नवीन नवीन जमीनवाला झालेला तो. मानूस मोठा झाला का आईची लाज वाटते."

मी बायचा हात धरून बसले. तिच्या वाट्याचं पूर्ण आयुष्य त्या एका धमकीखाली गेलं होतं, आणि आता तीच धमकी गुळगुळीत कागदावर छापून माझ्या भाचीच्या दारात आली होती. मी भावाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "बायचं वय झालंय गं. तिला नक्की आठवत असेल का?" त्या दिवशी मी त्याच्या घरचा चहा न पिता उठले.

पुतळ्याचं अनावरण एका रविवारी सकाळी झालं. मांडव, खुर्च्या, फेटे, बँड, सगळं यथासांग. घरातलं सर्वांत मोठं माणूस म्हणून पडदा बायच्या हातून ओढायचा, असं चुलतभावानेच ठरवलं होतं, कारण फोटोत म्हातारं माणूस चांगलं दिसतं. बायने पडदा ओढला. वर बघितलं. तलवार बघितली, मिशा बघितल्या, मग चुलतभावाकडे बघितलं.

"ह्यो कोन?" तिने विचारलं. माइक तिच्यासमोरच होता. माणसं हसली, तिला वाटलं तिचं बोलणं लोकांना ऐकायचंय. "माजा आजा तांडेल व्हता. कौलां आनायचा, मीठ नेयाचा. तलवार आमचे घरान भाजी चिरायला पन नव्हती." हशा वाढला. "आन माजी आजी..."

चुलतभावाने माइक हळूच काढून घेतला. अगदी प्रेमाने, दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवून. "बायचं वय झालंय," तो लोकांना म्हणाला, "आता सगळं आठवत नाही तिला. पण तिचा आशीर्वाद महत्त्वाचा." टाळ्या झाल्या. बाय ओठ हलवत राहिली, आवाज बँडने खाऊन टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून पुढे जाणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या भावाकडे बघितलं. तो बायच्या ओठांकडे एकटक बघत होता.

संध्याकाळी चुलतभावाचा त्याला फोन आला. समारंभ छान झाल्यामुळे स्वारी खुशीत होती. "दादा, विचार केला मी. पोरीचं आयुष्य आहे, करून टाका लग्न. फक्त गाजावाजा नको. हॉल नको, बँड नको. पत्रिकेवर आपलं आडनाव नको. संध्याकाळनंतर, घरातल्या घरात उरकून घ्या. कुणाला कळायला नको."

फोन स्पीकरवर होता, मी आणि भाची तिथेच होतो. माझा भाऊ, जो आयुष्यात कुणावर ओरडला नाही, तो म्हणाला, "अंधार पडल्यावर?"

"हां, म्हणजे तसं सोयीचं."

"अंधार पडल्यावर!" भाऊ पुन्हा म्हणाला, आणि या वेळी शेजारच्या ब्लॉकमधली माणसं दारात आली. "गावाने तांडेलाला हेच सांगितलं होतं. हेच! माझी मुलगी दुपारी लग्न करेल. बँड लावून करेल. आडनाव मोठ्या अक्षरात छापेन मी." मग त्याने फोन बंद केला आणि भाचीने तो त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. ती पहिल्यांदा त्या दिवशी रडली.

लग्न डोंबिवलीला झालं, रणरणत्या दुपारी. आमच्या घराण्यातली निम्म्याहून जास्त माणसं आली नाहीत. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची मीटिंग आली. ज्यांच्या लग्नांत मी राबले, त्यांच्यासाठी पोळ्या लाटल्या, त्यांनी साधा फोन केला नाही. हळदीला बाय स्वतः बसली. मीठ कालवून झाल्यावर तिने भाचीच्या गालाला हळद लावली. बाजूच्या एका बाईंनी मला कुजबुजून विचारलं, यांनी लावलेली चालते का? मी त्यांना काय उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जेवणं चालू असताना दारात गडबड झाली. चुलतभाऊ आला होता. सोबत नेहमीची माणसं, हातात शाल-श्रीफळ आणि हा एवढा गुच्छ. हॉल भरलेला, मुलाकडची माणसं भरपूर, बँड जोरात. बायची गोष्ट एव्हाना सगळ्या नात्यात फिरली होती, त्याच्याही कानावर गेली होती. त्याने एका नजरेत सगळं मोजलं आणि माइक मागून घेतला.

"आज मला अभिमान वाटतो," तो म्हणाला. "आमचं घराणं पहिल्यापासून पुरोगामी विचारांचं. आमच्या पणजोबांनी तर त्या काळात एका विधवेशी लग्न केलं होतं. गलबतावर! समाजाचा विरोध पत्करून! तीच परंपरा आज आम्ही पुढे नेतोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हातातला घास ताटात ठेवला. हाच माणूस, हेच तोंड! बायसमोरून माइक काढून घेणारा हात आता माइक धरून तीच गोष्ट सांगत होता आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. पुतळा पाडायचा नाही, पुस्तक परत घ्यायचं नाही, नुसती कथा बदलायची. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा भाऊही होता, बिचारा डोळे पुसत पुसत वाजवत होता. त्याला वाटलं, चुलतभाऊ सुधारला.

भाची स्टेजवर खुर्चीत बसली होती, गळ्यात हार, गालाला पिवळं लागलेलं. ती वाकून म्हणाली, "काका, त्यांचं नाव सांगा ना."

"कुणाचं?"

"पणजीबाईंचं. तुमचं ऐकून सगळ्यांना कळू दे की."

माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या हॉलने ऐकलं. चुलतभाऊ हसला. मग थांबला. त्याने त्याच्या माणसाकडे बघितलं, त्या माणसाने मोबाइलकडे बघितलं. पुतळ्यातली तलवार किती इंच लांब हवी, हे मूर्तिकाराशी भांडून ठरवणारा आमचा चुलतभाऊ तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

"आमच्या पणजीबाई," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे... थोर स्त्री." आणि त्याने माइक बँडवाल्याच्या हातात दिला.

बाय पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. तिने तिच्या आजीचं नाव घेतलं. खणखणीत आवाजात, पूर्ण नाव, पहिल्या नवऱ्याच्या नावासकट. तोवर बँड सुरू झाला होता. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं.